फॉन्ट-स्ट्रेच लिहूनही मराठी अक्षरे अरुंद का होत नाहीत?

निपाणीच्या एका पतसंस्थेचे संकेतस्थळ मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत आहे. मोबाइलवर मराठी व कन्नड मथळे दोन-तीन ओळींत मोडतात, म्हणून स्टाइलशीटमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस नियमांच्या फाइलमध्ये) ‘फॉन्ट-स्ट्रेच: ८०%’ असे लिहिले, परंतु अक्षरांत तसूभरही फरक पडला नाही. त्यानंतर ‘ट्रान्सफॉर्म: स्केलएक्स(०.८)’ लावले तेव्हा अक्षरे अरुंद झाली खरी, पण ती बेढब दिसू लागली. असे का होते आणि आता काय करावे, असा हा प्रश्न आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दोन लिप्या एकाच पानावर शेजारी-शेजारी येतात, त्यामुळे ही अडचण येथे पुन्हा पुन्हा उद्भवते, आणि केवळ रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या मार्गदर्शनातून तिचे पुरते उत्तर मिळत नाही. म्हणून सविस्तर लिहितो. येथे प्रॉपर्टींची नावे आणि आकडे देवनागरीत दिले आहेत; फाइलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत लिहायचे आहेत.

पहिली गोष्ट ही, की ‘फॉन्ट-स्ट्रेच’ या प्रॉपर्टीच्या नावात ताणण्याचा अर्थ असला तरी ती अक्षर ताणत नाही आणि आवळतही नाही. ती ब्राउझरकडे फक्त मागणी नोंदवते: या फॉन्टच्या कुटुंबात इतक्या रुंदीचे रूप असेल तर ते वापर. बेळगावच्या खडेबाजारातल्या तयार कपड्यांच्या दुकानात मागितलेल्या मापाचा सदरा असला तर मिळतो, नसला तर जवळपासचा दाखवतात, पण तिथे बसून कोणी शिवून देत नाही. ब्राउझरही तसाच वागतो. ठळक किंवा तिरके रूप नसेल तर ब्राउझर ते कृत्रिमरीत्या तयार करतो, आणि या अनुभवामुळे रुंदीच्या बाबतीतही तो तसेच काही करील असे आपल्याला वाटते. रुंदीसाठी अशी कोणतीही कृत्रिम तजवीज नाही. त्यामुळे फॉन्टमध्ये एकच रुंदी असेल तर ८० टक्के लिहा की ५० टक्के लिहा, पडद्यावर तेच अक्षर दिसणार. ब्राउझरच्या विकसक-साधनांतील (डेव्हलपर टूल्स) कॉम्प्युटेड भागात ८० टक्के असे दिसत असले तरी तो फक्त मागणीचा आकडा आहे, मिळालेल्या रूपाचा नव्हे. खरोखर कोणता फॉन्ट वापरला गेला हे क्रोममध्ये त्याच कॉम्प्युटेड भागाच्या तळाशी रेंडर्ड फॉन्ट्स या नोंदीत पाहावे. फायरफॉक्समध्ये इन्स्पेक्टरच्या फॉन्ट्स या भागात तर फॉन्टमध्ये कोणते अक्ष (रुंदी, जाडी असे सलग बदलता येणारे गुण) आहेत हेही सरकपट्ट्यांसह दिसते. निदानाची सुरुवात नेहमी येथूनच करावी.

ही प्रॉपर्टी १९९८ च्या सीएसएस-२ मध्ये होती, नंतर सीएसएस-२.१ मधून वगळली गेली आणि फॉन्ट्स मॉड्यूलच्या तिसऱ्या स्तरात परत आली. तिचे नऊ शब्दरूपी दर्जे आहेत. अल्ट्रा-कंडेन्स्ड म्हणजे ५० टक्के, एक्स्ट्रा-कंडेन्स्ड ६२.५, कंडेन्स्ड ७५, सेमी-कंडेन्स्ड ८७.५, नॉर्मल १००, आणि रुंदीच्या बाजूला ११२.५, १२५, १५० व २०० टक्के. चौथ्या स्तरात थेट टक्केवारी लिहिण्याची सोय झाली आणि प्रॉपर्टीचे नावही बदलून ‘फॉन्ट-विड्थ’ असे करण्यात आले. मात्र जुने नाव पर्यायी नाव म्हणून कायम ठेवले आहे. सध्या तरी जुने नावच लिहिणे मी श्रेयस्कर मानतो, कारण लोकांच्या हातातले जुने मोबाइल तेच ओळखतात.

जवळचे रूप निवडण्याची पद्धत नीट समजून घ्यायला हवी, कारण ती आपल्या अंदाजाप्रमाणे चालत नाही. मागणी १०० टक्के किंवा त्याहून कमी असेल तर ब्राउझर आधी मागणीपेक्षा अरुंद रूपे पाहतो आणि ती नसतील तरच रुंद रूपांकडे वळतो. मागणी १०० च्या वर असेल तर हा क्रम उलटा होतो. म्हणजे कुटुंबात ७५ आणि १०० अशी दोनच रूपे असताना ९० मागितले, तर १०० अधिक जवळचे असूनही ७५ चेच रूप मिळते. शिवाय निवडीत रुंदीचा विचार सर्वांत आधी होतो, तिरकेपणाचा त्यानंतर आणि वजनाचा, म्हणजे रेघांच्या जाडीचा, आणखी नंतर. अरुंद रूप फक्त साध्या वजनात असेल आणि तुम्ही ठळक व अरुंद असे दोन्ही मागितले, तर ब्राउझर रुंदी राखतो आणि ठळकपणा कृत्रिमरीत्या चढवतो. देवनागरीत याचा परिणाम फार वाईट दिसतो: आधीच दाटलेल्या जोडाक्षरांच्या पोटातली मोकळी जागा बुजून जाते.

तेव्हा स्टाइलशीटच्या आधी फॉन्टचा निर्णय घ्यावा लागतो. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या मुक्त फॉन्टपैकी ‘मुक्त’ नावाच्या फॉन्टमध्ये सात वजने आहेत पण रुंदी एकच. बलू २ आणि त्याचे कन्नड भावंड बलू तम्मा २ यांतही फक्त वजन बदलते. खांड आणि टेको हे जात्याच अरुंद देवनागरी फॉन्ट आहेत, मथळ्यांना ते चांगले शोभतात, पण त्यांच्या कुटुंबात रुंदीची दुसरी रूपे नाहीत आणि कन्नडही नाही. त्यामुळे ते वापरल्यास रुंदीचे नियंत्रण हाती येत नाही, फक्त एक ठरावीक अरुंदपणा मिळतो. मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्हींत रुंदीचा अक्ष ज्यांत आहे अशी दोन कुटुंबे मी सुचवीन. एक नोटो सान्स: त्याच्या देवनागरी व कन्नड या दोन्ही व्हेरिएबल फॉन्टमध्ये रुंदी ६२.५ ते १०० आणि वजन १०० ते ९०० आहे. दुसरे ‘अनेक’ नावाचे: मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे हे कुटुंब दहा लिप्यांत आहे आणि त्यात रुंदी ७५ ते १२५ व वजन १०० ते ८०० मिळते. सीमाभागातल्या पानांसाठी माझी पसंती ‘अनेक’ला आहे, कारण त्यातील सर्व लिप्यांची आखणी एकाच प्रकल्पात एकमेकींशी ताळमेळ ठेवून झालेली आहे, आणि गरज पडली तर अक्षर १०० च्या पलीकडे रुंदही करता येते.

व्हेरिएबल फॉन्ट म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगतो. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये ओपनटाइप १.८ या आवृत्तीसोबत अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून हे तंत्र जाहीर केले. एकाच फाइलमध्ये अक्षराच्या टोकाच्या आकृत्या असतात आणि मधल्या सर्व आकृत्या गणिताने काढल्या जातात. रुंदीच्या अक्षावर सरकताना उभ्या दांड्याची जाडी, पोटातली पोकळी, शिरोरेघेची लांबी आणि दोन अक्षरांमधले अंतर हे सर्व आखणाऱ्याने ठरवल्याप्रमाणे वेगवेगळ्या प्रमाणात बदलते. म्हणूनच ते अक्षर नीट दिसते.

स्केलएक्सने नेमकी हीच गोष्ट बिघडते. ८० टक्क्यांपर्यंत आवळले की काना आणि इतर उभे दांडे ८० टक्के जाडीचे होतात, पण शिरोरेघ आडवी असल्यामुळे तिची जाडी पूर्वीइतकीच राहते. रोमन अक्षरांत आडव्या रेघा तुटक-तुटक असतात, त्यामुळे तिथे हा दोष काहीसा झाकला जातो. मराठी ओळीवर मात्र शिरोरेघ सलग धावते आणि सगळे वजन तिच्याकडे ओढले जाते. अक्षरे खाली बारीक काड्यांसारखी लोंबकळतात. शिवाय ट्रान्सफॉर्मने मांडणी बदलत नाही: ब्राउझर ओळ मोडण्याचा निर्णय मूळ रुंदीवरच घेतो आणि नंतर चित्र आवळतो, त्यामुळे मथळा पूर्वीसारखाच दोन ओळींत मोडतो आणि शिवाय दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरते. म्हणजे ज्या कारणासाठी हा उपाय केला तेही साधत नाही. ही सवय आपल्याकडे छपाईतून आलेली आहे. पेजमेकर या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमधील सेट विड्थ कमी करून मजकूर रकान्यात बसवणे हे डीटीपी (संगणकावर छपाईची पाने लावण्याचे काम) करणाऱ्यांच्या रोजच्या कामाचा भाग होते, आणि लग्नपत्रिकेपासून वार्षिक अहवालापर्यंत सर्वत्र अशी आवळलेली अक्षरे पाहून डोळा त्यांना सरावलेला आहे. कागदावर घट्ट मुदतीत ते चालून गेले, म्हणून पडद्यावर चालवून घेऊ नये असे मी आग्रहाने सांगतो. पडद्यावर आपल्याजवळ योग्य साधन उपलब्ध आहे.

‘लेटर-स्पेसिंग’ उणे करून जागा वाचवण्याचा सल्लाही दिला जातो. देवनागरीत त्याने अक्षरे एकमेकांवर चढतात; आणि अंतर वाढवले तर शिरोरेघ तुटून शब्दाचे तुकडे दिसतात. कन्नडमध्ये प्रत्येक अक्षराचा माथा स्वतंत्र असल्यामुळे थोड्या अंतराने तितके बिघडत नाही, म्हणून कन्नड भागावर कोणी ही प्रॉपर्टी लावली असेल आणि ती वारशाने मराठीकडे आली असेल तर ती शोधून शून्य करावी.

आता प्रत्यक्ष कृती. फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून घेत असाल तर दुव्याच्या पत्त्यात रुंदीच्या अक्षाची मागणी स्वतंत्रपणे करावी लागते. फक्त वजनाची व्याप्ती लिहिलेला पत्ता दिला तर सर्व्हर नॉर्मल रुंदीचाच फॉन्ट पाठवतो. फॉन्टमध्ये अक्ष असूनही काही होत नाही अशा तक्रारींत मला बहुधा हेच कारण सापडते. अक्षांची नावे पत्त्यात वर्णानुक्रमाने द्यायची असतात, म्हणजे डब्ल्यूडीटीएच (रुंदी) आधी आणि डब्ल्यूजीएचटी (वजन) नंतर, आणि व्याप्तीही त्याच क्रमाने: आधी ७५ ते १२५, मग १०० ते ८००. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवत असाल तर ‘फॉन्ट-फेस’च्या, म्हणजे फॉन्टची फाइल जाहीर करणाऱ्या, नियमात ‘फॉन्ट-स्ट्रेच: ७५% १२५%’ आणि ‘फॉन्ट-वेट: १०० ८००’ अशा दोन्ही व्याप्ती लिहाव्यात. या नियमातील व्याप्ती हे ब्राउझरला दिलेले वचन असते: फाइलमध्ये प्रत्यक्षात काय आहे यापेक्षा तुम्ही काय जाहीर केले यावर निवड होते, आणि मागणी त्या व्याप्तीतच बसवली जाते. येथे ‘फॉन्ट-स्ट्रेच: १००%’ असे लिहिलेले असेल तर पुढे ८० मागूनही १०० च मिळेल.

याच वचनाचा उपयोग करून दोन वेगळ्या फाइली एका कुटुंबनावाखाली जोडता येतात, एक १०० टक्के म्हणून आणि दुसरी ७५ टक्के म्हणून. नोटोच्या स्थिर (एका फाइलमध्ये एकच रूप असलेल्या) स्वरूपातील साध्या व कंडेन्स्ड फाइलींसाठी हे योग्य आहे. दोन वेगळ्या घराण्यांचे फॉन्ट असे एकत्र बांधणे मात्र मी टाळतो, कारण शिरोरेघेची उंचीच जुळत नाही.

पुढचा मुद्दा दोन लिप्यांचा, आणि आपल्या भागासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. रुंदीची टक्केवारी ही त्या-त्या फॉन्टच्या स्वतःच्या नॉर्मल रुंदीच्या तुलनेत असते. तिने दोन लिप्यांतील ओळींची लांबी समान होत नाही. कन्नड अक्षरे गोलाकार आणि मुळातच पसरट आहेत, आणि त्यांचे जोडाक्षर बहुधा खालच्या बाजूला वाढते. मराठीत जोडाक्षर कधी आडवे वाढते, कधी उभे. ‘हुक्केरी’ हा शब्द दोन्ही लिप्यांत ८५ टक्क्यांवर लावून पाहिला तर दोन्हींची लांबी वेगळी आणि खालचा भारही वेगळा दिसतो. म्हणून मराठी व कन्नड यांना एकच आकडा देऊ नये. प्रत्येक भागावर भाषेची खूण योग्य रीतीने लावावी, मराठीसाठी ‘एमआर’ आणि कन्नडसाठी ‘केएन’, आणि स्टाइलशीटमध्ये ‘लँग’ या निवडकाने (भाषेनुसार भाग निवडणाऱ्या नियमाने) दोन्हींची रुंदी वेगळी ठेवावी. भाषेच्या खुणेचा आणखी एक लाभ असा, की ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श स्वतंत्रपणे दिलेले आहेत, तिथे हिंदी वळणाऐवजी ते आपोआप येतात. त्या वळणांची रुंदी वेगळी असू शकते, म्हणून ही खूण लावल्यानंतरच रुंदीचा आकडा पक्का करावा; आधी केल्यास ओळ पुन्हा मोडण्याचा संभव राहतो.

देवनागरी आणि कन्नड फॉन्ट वेगळे उतरवण्यासाठी ‘युनिकोड-रेंज’ (फॉन्ट कोणत्या अक्षरांसाठी वापरायचा हे सांगणारी ओळ) लिहिणार असाल तर देवनागरीच्या ०९०० ते ०९७एफ या पट्ट्याबरोबर २००सी आणि २००डी हे दोन अदृश्य जोडचिन्हांचे क्रमांकही घालावेत. कर्‍हाडमधला र किंवा दुसर्‍या, तिसर्‍या यांतला र काही कळफलकांवरून याच जोडचिन्हाने उमटतो. ते चिन्ह व्याप्तीबाहेर राहिले तर शब्दाच्या मधोमध फॉन्ट बदलून अक्षर फुटू शकते.

किती अरुंद करावे याचे उत्तर आकड्यात देणे जोखमीचे असले तरी माझा अनुभव सांगतो. सलग वाचायच्या मजकुराला १०० च ठेवावे. फारच अडचण असेल तर ९५. मथळ्यांना मराठीत ८५ पर्यंत जाण्यास हरकत नाही, मोठ्या आकारात ८० पर्यंत. ७५ च्या खाली मी फक्त एका-दोन शब्दांच्या मोठ्या फलकासाठी जातो. कन्नडसाठी मर्यादा आणखी आखडती धरावी आणि लहान आकारात ९० च्या खाली जाऊ नये, कारण कन्नडमधील द, ध आणि थ ही अक्षरे पोटातल्या ठिपक्याने किंवा तळाशी असलेल्या छोट्या रेघेने ओळखली जातात, आणि गोल पोट चेपले गेले की त्या खुणाच प्रथम हरवतात. परीक्षेसाठी कुठला ठरावीक नमुना मजकूर घेण्यापेक्षा आपल्याच जिल्ह्यातली गावे घ्यावीत. संकेश्वर, सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्ग, कित्तूर, हुक्केरी या नावांत श्व, त्त, अनुस्वारासह औकार, रफार, दीर्घ उकार असे बहुतेक सगळे कठीण प्रसंग येऊन जातात. त्यांच्या जोडीला राष्ट्रीय, क्षेत्र, उद्धार आणि ब्रह्म हे शब्द घातले की फॉन्टची खरी ताकद कळते. अरुंद अक्षरांत उभ्या रेघा दाट होतात, म्हणून रुंदी कमी केली की ‘लाइन-हाइट’ थोडी वाढवावी. कन्नड भागात ती मराठीपेक्षाही थोडी अधिक लागते.

नियम लिहिताना काही अडथळे हमखास येतात. ‘फॉन्ट’ ही संक्षिप्त प्रॉपर्टी नंतर लिहिली तर ती रुंदी गुपचूप नॉर्मलवर आणते, आणि तिच्यात टक्केवारी चालत नाही, फक्त कंडेन्स्डसारखे शब्द चालतात. म्हणून रुंदीची ओळ नेहमी तिच्या खाली लिहावी. ‘फॉन्ट-व्हेरिएशन-सेटिंग्ज’ने रुंदी बदलता येते, परंतु एका ठिकाणी रुंदी आणि दुसऱ्या ठिकाणी वजन लिहिले तर नंतरची ओळ आधीची पूर्ण पुसते, शिवाय स्थिर फॉन्टवर तिचा काहीच परिणाम होत नाही. साध्या प्रॉपर्टीने काम होत असताना तिच्याकडे जाऊ नये. कर्जअर्जासारख्या फॉर्ममधील चौकटी आणि बटणे पानाचा फॉन्ट वारशाने घेत नाहीत, त्यांना ‘फॉन्ट: इनहेरिट’ असे स्पष्ट सांगावे लागते. आणि चौकटीची रुंदी ‘सीएच’ या एककात दिली असेल तर ते एकक इंग्रजी शून्य या अंकाच्या रुंदीवरून मोजले जाते, त्यामुळे ते मराठी ओळीचे माप होत नाही. शिवाय फॉन्टची रुंदी बदलली की तेही बदलते.

फॉन्ट उतरेपर्यंत काय दिसेल याचाही विचार करावा. विंडोजवरचा निर्मला किंवा अ‍ॅपलवरचा कोहिनूर यांसारख्या यंत्रातल्या फॉन्टमध्ये सहसा रुंदीची वेगळी रूपे नसतात, म्हणून पहिल्या क्षणी मथळा पूर्ण रुंदीतच दिसतो आणि नंतर आक्रसतो. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडच्या डोंगराळ भागातून कोणी तुटक नेटवर्कवर पान उघडले तर हा पहिला क्षण बराच लांबतो. दोन अक्षांचा फॉन्ट आकाराने मोठा असतो. फॉन्टटूल्स या फॉन्ट-साधनसंचातील इन्स्टन्सर या साधनाने रुंदीची व्याप्ती ८० ते १०० इतकीच ठेवून आणि वूफ-२ या वेबसाठीच्या दाबून लहान केलेल्या स्वरूपात बांधून तो हलका करता येतो. मथळ्याचा फॉन्ट प्रीलोड करावा (म्हणजे सर्वांत आधी उतरवून घ्यावा), आणि पर्यायी फॉन्टसाठी ‘साइज-अ‍ॅडजस्ट’ लावून त्याचा आकार थोडा उतरवावा, म्हणजे पान कमी हलते.

तुमच्या पानापुरते सांगायचे तर मी पुढीलप्रमाणे करीन. तिन्ही भाषांना ‘अनेक’ या कुटुंबातील फॉन्ट; संगणकावर सर्वत्र १०० टक्के; ४८० पिक्सेलपेक्षा अरुंद पडद्यावर मराठी मथळ्याला ८५ आणि कन्नड मथळ्याला ९०. एवढ्यानेही मथळा एका ओळीत बसला नाही तर रुंदी आणखी कमी न करता ‘टेक्स्ट-रॅप: बॅलन्स’ लावून तो दोन सारख्या ओळींत मोडू द्यावा, नीट मोडलेला दोन ओळींचा मथळा गुदमरलेल्या एका ओळीपेक्षा सहज वाचला जातो. ठेवींच्या व्याजदरांच्या तक्त्यात फक्त शीर्षकाची ओळ ८८ टक्क्यांवर आणावी. रकमांच्या रकान्यात मात्र रुंदी सर्व ओळींत एकच ठेवून ‘फॉन्ट-व्हेरियंट-न्यूमरिक: टॅब्युलर-नम्स’ लावावे, म्हणजे फॉन्टमध्ये तशी सोय असल्यास एकमेकांखालचे अंक सरळ रेषेत येतील. बदल केल्यावर आधी विकसक-साधनांत प्रत्यक्ष वापरलेला फॉन्ट तपासावा, आणि मग पान खऱ्या मोबाइलवर, शक्यतो स्वस्त आणि जुन्या मोबाइलवर, उन्हात धरून वाचून पाहावे.